उलटा डोंगर

“…पण माझ्या फोटोपुढं माणूस थांबत का नाही, मास्तर?”

हेरंब गुळवेचं प्रदर्शन कालच संपलं होतं. सगळे निसर्गाचे फोटो, सगळे चकचकीत. लोक आले, ‘वा, छान’ म्हणाले आणि थेट चहाच्या टेबलाकडं वळले. एक काकू तेवढ्या थांबल्या. फ्रेमच्या काचेत बघून त्यांनी टिकली नीट केली आणि निघाल्या.

ती टिकली गड्याच्या काळजात रुतली होती. आज उत्तर मिळालं नाही तर कॅमेरा विकून टाकायचा, असं ठरवूनच स्वारी आली होती.

गुलाबमास्तर माळावर बसून समोरच्या डोंगराचं चित्र रंगवत होते. जन्मभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. दाढीला रंग, बंडीला रंग, आणि ब्रश चुकून चहात बुडवायची खोड ती वेगळीच.

“समोर काय दिसतंय तुला?”

“डोंगर. तपकिरी. आणि हे असलं डोक्यावरचं ऊन! यात कुणी फोटो काढतं का?”

“तो गळ्यातला धोंडा काढ आधी.”

हेरंबनं कॅमेरा उतरवला.

“आता डोंगराकडं पाठ कर. पाय फाकव. वाक. आणि पायांमधून बघ.”

“मास्तर! मला राज्याचं बक्षीस मिळालंय…”

“त्यालाही वाकव.”

हेरंब वाकला. पोट आड आलं, कानशिलं तापली, खिशातला कंगवा गवतात पडला. रस्त्यावरची एसटी हळू झाली, खिडक्याखिडक्यांतून मुंडकी बाहेर आली.

“लोक हसतायत, मास्तर!”

“थांबलेत ना पण?”

एसटी गेली. धूळ बसली. हेरंब मात्र वाकलेलाच…

आभाळ खाली होतं, तळ्यासारखं पसरलेलं. त्यात डोंगर लटकत होता. आणि तपकिरी कुठला हो! घळीघळीत जांभळा, कडेनं निळा, मध्येच वाळल्या गवताचा पट्टा पिकल्या लिंबासारखा.

“मास्तर… हा निळा आत्ता कुठून आला?”

मास्तर कागदावर निळाच लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हेरंब घाईघाईनं उठला. डोकं गरगरलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले. मग नीट बघितलं, तर डोंगर परत तपकिरी. एका घळीत तेवढा थोडा जांभळा राहून गेला होता. तो जाऊ नये म्हणून त्यानं पापणीही लववली नाही. कॅमेऱ्याकडं हात गेला, तोही चाचपडतच.

“सरळ उभं राहून सगळंच असं दिसायला… किती वर्षं लागतात, मास्तर?”

मास्तर गुडघ्यांवर हात टेकून कण्हत उठले. डोंगराकडं पाठ केली, लेंगा वर खोचला आणि दाढी गवताला लागेपर्यंत वाकले.

“मला काय ठाऊक?” पायांमधून आवाज आला. “मी अजून वाकतोय.”