हाराचा दोरा

फार पूर्वी माळावरच्या शेळ्यांचा कबड्डीचा संघ होता. बगळा त्यांचा प्रशिक्षक होता आणि त्या कामाबद्दल त्याला तळ्यातले मासे खायची मुभा होती.

संघ दर वेळी हरे. चढाईला गेलेला बोकड समोरच्या अंगणात गवत दिसलं की घास घेई, आणि तोंड भरलं की त्याचं "कबड्डी, कबड्डी" बंद पडे.

"बोकडदादा, आधी चरून घ्या, मग खेळायला या," बगळा म्हणाला.

"तू कधी गवत खाल्लंयस का? मग मला शिकवू नकोस," बोकड म्हणाला.

सभा भरली. "बोकडाला काढलं तर चढाई कोण करणार?" म्हातारी शेळी म्हणाली. "बगळा तसाही खेळत नाही."

सगळ्यांना ते पटलं. बगळ्याला तळं सोडायला सांगितलं.

त्याच संध्याकाळी नवा प्रशिक्षक खंड्या पक्षी आला. त्याला झेंडूचा हार घालायचा मान बोकडाचा होता. हार गळ्यात पडला तेव्हा त्याचा नुसता दोरा उरला होता. "आता आपण जिंकणार!" म्हणत शेळ्या नाचल्या.

खंड्याने दोरा नीट पाहिला. मग निघालेल्या बगळ्याला गाठून त्याने हळूच विचारलं, "बगळेराव, पुढच्या तळ्यात मासे आहेत का हो?"