उघड्या पाठीच्या वशाची कहाणी

ऐका खणाई माते, तुझी कहाणी. नगर होतं, आटपाट होतं. तिथं एक राणी राज्य करीत होती. राणीला खणांची भारी हौस. पौषात हळदीकुंकू करी, नगरातल्या बायका येत, एकमेकींच्या ओट्या भरीत. पण आलेला खण कोणी शिवायची नाही. राणीनं दिला तो प्रधानिणीनं ठेवला, प्रधानिणीनं सोनारणीला दिला, सोनारणीनं आणखी कोणाला दिला. घडी कोणी मोडली नाही. हसू नका गं बायांनो, तुमच्याही कपाटात तळाशी आहेत, मला ठाऊक आहे.

त्या नगरात राणीचा एक हुकूम होता. ज्या बाईचा धनी गेला, तिनं तांबडं आलवण नेसावं, चोळी घालू नये. तिला कोणी खण देऊ नये, चोळी कोणी शिवू नये. शिवील तिची कात्री जप्त होईल. बायका थंडीत कुडकुडत. एक हात कामाला लावीत, एका हातानं पदर धरीत.

त्या नगरात भागाई नावाची शिंपीण होती. तिचाही धनी गेला होता. साऱ्या नगराच्या चोळ्या ती शिवी, आपण मात्र उघड्या पाठीनं बसे. शिवायला दोन हात लागतात, मग पदर कोण धरील? ती पदर दातांत धरी. दातांत पदर, मग बोलेल कशी? कोणी काही विचारलं, मान हलवी. लोक म्हणत, शिंपीण मोठी तुसडी आहे. कोणी म्हणत, मुकीच आहे. तिच्या दातांत काय आहे, ते कोणी पाहिलं नाही.

पुढं पौषातला पहिला रविवार आला. एक म्हातारी दारात आली. अंगावर आलवण, एका मुठीत काठी, एका मुठीत पदर. म्हणाली, “बाळे, थंडी वाजते. मला चोळी शिवून दे.” भागाईनं दातांतला पदर काढला, मुठीत धरला. म्हणाली, “आजी, आपल्याला चोळी नाही. राणीचा हुकूम आहे. माझी कात्री जाईल, मग मी खाऊ काय?” म्हातारी म्हणाली, “तुला माप घेता येतं का?” “येतं.” “मग नुसतं माप घे.”

भागाईनं दोरा घेतला, म्हातारीच्या पाठीला लावला. पाठीचा मणका न् मणका बोटांना लागला. पाठ गार पडली होती. भागाईला रडू आलं. ती इतकी वर्षं मापं घेत होती, पण उघड्या पाठीचं माप तिनं कधी घेतलं नव्हतं. मग ती उठली. घरात खण कुठला? लोकांच्या चोळ्यांची कातरणं होती. हिरवं जोडलं, जांभळं जोडलं, पिवळं जोडलं, ठिगळांची चोळी केली. म्हातारीनं अंगात घातली, दोन्ही हात मोकळे झाले. दोन्ही हातांनी तिनं भागाईचं तोंड कुरवाळलं.

भागाई म्हणाली, “आजी, तुम्ही कोण?” “मी खणाई. तुला एक वसा सांगते. पौषातल्या तीन रविवारी तीन उघड्या पाठी झाकाव्या. पहिली चोळी अनोळखी बाईला द्यावी, दुसरी वैरिणीच्या घरी द्यावी, तिसरी आपल्या अंगात घालावी. पहिली तुझी झाली. दोन राहिल्या. कंटाळू नकोस, घेतला वसा अर्धा सोडू नकोस.”

मग म्हातारी निघाली ती भर पेठेतून गेली. चोळी साऱ्यांनी पाहिली. शिपाई भागाईकडे आले, तिला धरून राणीपुढं नेलं. राणी म्हणाली, “माझा हुकूम का मोडलास?” शिपायांनी हात धरलेले, पदर दातांत. भागाई बोलेना. राणी म्हणाली, “मुकी दिसते,” आणि कात्री काढून घेतली. भागाई घरी आली, रिकामी बसली.

इकडं काय झालं? राणीला एकच लेक होती, तिचं नाव चंद्रावळ. ती सासरी होती. तिचा नवरा तापानं गेला. हे देवीनं केलं नाही हो, तापानं केलं. चंद्रावळ माहेरी आली, आलवण नेसून आली. राणीनं तिला पोटाशी धरलं, तिचा हात लेकीच्या उघड्या पाठीला लागला. राणीनं शाल पांघरली, शाल घसरली. पुन्हा पांघरली, पुन्हा घसरली. चंद्रावळ पदर सावरी, हातातला घास तसाच राही. म्हणाली, “आई, फार थंडी वाजते गं.”

राणी धावत पेटाऱ्याकडे गेली. पहिला खण काढला, घडीवर फाटला. दुसरा काढला, तोही फाटला. तिसरा धड निघाला. काठ ओळखीचा वाटला. राणी मनात म्हणाली, ‘हा तर मीच पहिल्या वर्षी प्रधानिणीला दिला होता.’ साऱ्या नगरात फिरून आला, कोणाच्या पाठीला लागला नाही. पेटारा भरलेला, आणि लेक उघडी. राणी तिथंच बसून रडली.

दुसरा रविवार होता. राणी पायी निघाली, कात्री पदरात घेतली, भागाईच्या दारी आली. म्हणाली, “भागाई, मी चुकले. हुकूम माझा होता, तो मी मोडते. माझ्या लेकीला चोळी शिवून दे.” भागाईच्या मनात आलं, हिला नाही म्हणावं. कोणाच्याही मनात येईल. मग तिला गार पाठ आठवली. तिनं खण घेतला, बेतला, शिवला. चंद्रावळीनं चोळी घातली, दोन्ही हात मोकळे केले, आईच्या ताटात जेवली.

तुम्ही म्हणाल, आता देवी जावयाला उठवील. नाही उठवला. गेला तो गेला, चंद्रावळ त्याला रडली, पुष्कळ रडली. पण कुडकुडत रडली नाही.

तिसरा रविवार आला. भागाई स्वतःची चोळी शिवीना. मनात म्हणे, ‘माझं काय, मला सवय झाली.’ दुपार झाली. चंद्रावळ खण घेऊन आली, दोरा घेतला, भागाईच्या पाठीला लावला. राणीची लेक, तिला शिवण कुठलं येणार? सुई बोटात टोचली, टाके वाकडे पडले, पण चोळी झाली. भागाईच्या अंगात घातली. दारात बायका जमल्या, राणी उभी राहिली. भागाईनं दातांतला पदर सोडला. हात लांब केले, वर केले, डोळे भरून आले. मुकी शिंपीण आता काय बोलते, म्हणून सारं नगर कान देऊन उभं राहिलं.

भागाई म्हणाली, “एक बाही लांब झाली गं, पोरी.”

सारी हसली, चंद्रावळही हसली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. राणीनं पेटारे उघडले, खण वाटले, नगरात उघडी पाठ राहिली नाही. भागाई शिवी आणि बोले, बोले आणि शिवी. ही कहाणीही पहिल्यांदा तिनंच सांगितली.

खणाई जशी भागाईला पावली, चंद्रावळीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कोणाची पाठ उघडी न राहो, कोणाचं तोंड बांधलेलं न राहो. घरी जाल तेव्हा घडीचा खण मोडा. साठा उत्तरांची ही कहाणी, पाचांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.