फर्स्ट कोण?

रेवू बालवाडीतून एक शब्द घेऊन आली. फर्स्ट. घरात सगळ्यांना तो लागला, सर्दीसारखा. गोठ्यातही लागला.

त्याच दिवशी टिंगी मुंगीचा तीळ पडला. पडला तो नेमका गाईच्या खुराखाली. वारुळात आज तिळाचा लाडू. तीळ आणेल तिला लाडू. नाही आणला तर नाही.

टिंगी म्हणाली, "गाई गाई, पाय उचल. तीळ मिळेना."
"उचलेन की. पण फर्स्ट मी नाही. फर्स्ट आत्याने पेंढी टाकावी."

तुरु तुरु तुरु. रेवूची वच्छीआत्या पेंढी घेऊन गोठ्याबाहेर उभी.
"आत्याबाई आत्याबाई, पेंढी टाका. गाय पाय उचलेना, तीळ मिळेना."
"टाकेन की. पण फर्स्ट मी नाही. फर्स्ट बोकडाने दारातून उठावं."

तुरु तुरु तुरु. बोकड दारात आडवा. हा नेहमीच आडवा.
"बोकडदादा बोकडदादा, दारातून ऊठ. आत्या पेंढी टाकेना, गाय पाय उचलेना, तीळ मिळेना."
"उठेन की. पण फर्स्ट मी नाही. फर्स्ट कोंबड्याने आरवावं."

तुरु तुरु तुरु. ऊन डोक्यावर आलं, तरी कोंबडा डुलक्या घेतोय.
"कोंबडेराव कोंबडेराव, आरवा. बोकड दारातून उठेना, आत्या पेंढी टाकेना, गाय पाय उचलेना, तीळ मिळेना."
"आरवेन की. पण फर्स्ट मी नाही."
"मग फर्स्ट कोण?"
कोंबड्याने पुढे पाहिलं. मागे पाहिलं. कुणीच नाही.
"तूच उरलीस," तो म्हणाला. आणि पुन्हा झोपला.

टिंगीला रडू आलं. थोडंसं रडली.
मग म्हणाली, "बरं. मी फर्स्ट."
तुरु तुरु कोंबड्याच्या पायावर चढली. कच्च! चावली.

कुकूचकू! कोंबडा आरवला.
धडपड धडपड, बोकड दारातून उठला.
धप्प! आत्याने पेंढी टाकली.
गाय पुढे सरकली. गाईने पाय उचलला.
खाली तीळ. जसाच्या तसा.

टिंगीने तीळ उचलला. तुरु तुरु घरी गेली.
आई म्हणाली, "आलीस बाई एकदाची. सगळ्यात शेवटी."
"हो आई. पण फर्स्ट मीच होते."
आईला काही कळलं नाही. तिने लाडू दिला.

तीळ लाडवात, लाडू पोटात, गोष्ट तुमच्या कानात.