बरणीला भारी गोंद, तंबोऱ्याला सरस

एकदा एका गावी तंबोरे घडवणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. सारा गाव त्यांना आबा म्हणे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विश्राम नावाच्या शिष्याने आपला पहिला तंबोरा घडवला होता, आणि गावच्या वयोवृद्ध गायिका माई त्यावर देवीच्या उत्सवात गाणार होत्या. भोपळ्याच्या तोंडावर झाकणासारखी बसणारी लाकडाची तबली तेवढी चिकटवायची राहिली होती. विश्रामचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

पहिल्याच कामात कसर नको म्हणून त्याने शहरातून दोन नळ्यांचा भारी गोंद आणला. दोन्ही नळ्यांतला लगदा कालवून लावला, की मग हत्ती जुंपले तरी जोड सुटायचा नाही, असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते.

आबांनी नळ्या कौतुकाने न्याहाळल्या आणि त्या घेऊन ते थेट स्वयंपाकघरात गेले. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीच्या झाकणाची मूठ कधीची तुटून पडली होती. कडा पुसून, कोरड्या करून आबांनी ती चिकटवली.

"वा! झकास माल आणलास रे," ते म्हणाले. "आता तबलीसाठी सरस तापत ठेव."

विश्राम बघतच राहिला. "आबा, बरणीला एवढा भारी गोंद आणि माझ्या तंबोऱ्याला तो हाडं-कातडं उकळून केलेला वासट सरस? नुसत्या वाफेने सुटतो तो!"

"म्हणूनच," आबा म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

गुरूंपुढे बोलायची सोय नव्हती. विश्रामने सरस तापवला, तबली बसवली. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखे होते.

उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी दोघे तंबोरा घेऊन माईंकडे निघाले. माईंच्याच उंबऱ्याला विश्रामचा पाय अडखळला. तंबोरा फरशीवर आपटला आणि तबली एका बाजूने उचकटली. विश्राम मटकन खाली बसला. पहिले काम, उद्याचे गाणे, आणि माईंच्या डोळ्यांदेखत ही शोभा!

आबांनी भोपळ्यावर टिचकी मारून कान लावला, सगळीकडून हात फिरवला, आणि लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या.

"अरे, भोपळा शाबूत आहे! नुसता जोड सुटलाय!"

विश्रामला हसावे की रडावे कळेना. आबा त्याच्या शेजारीच टेकले.

"भोपळा म्हणजे शेवटी वाळलेलं फळ, बाळा. घाव बसला की त्याचा जोर कुठून तरी वाट काढणारच. जोड भोपळ्याहून घट्ट असता, तर त्या घावाने भोपळाच फोडला असता, आणि फुटल्या भोपळ्याला तो नाद पुन्हा कोण देणार? बरणीला काही गायचं नाही, म्हणून तिला हत्तीचा गोंद चालतो. चपलेला रबराचा लागतो, पतंगाला भाताची खळ पुरते. गोंद किती भारी ते मागाहून. आधी जोडायचं काय आहे, ते बघावं."

मग काय विचारता! तारा उतरवल्या, माईंच्याच चुलीवर सरस चढला, आणि घरभर असा दर्प सुटला की माई पदर नाकाला लावून हसत ओरडल्या, "मेल्यांनो, माझ्या पुरणाचा वास मारलात!" तबली पुन्हा बसली, दोरीने आवळली गेली आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत खडखडीत वाळली.

संध्याकाळी माई गायल्या. तंबोरा असा काही भरून बोलला की विश्रामचे डोळे वाहू लागले, आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

गाणे आटोपल्यावर माईंनी त्याची फिरकी घेतली. "काय रे, पुन्हा पडला तर?"

"पुन्हा उघडेल, माई," विश्राम हसून म्हणाला. "आणि मी सरस घेऊन पुन्हा येईन."

आपल्या माणसांशी खटका उडतो, तेव्हा जोड सुटला तर सुटू द्यावा, तो पुन्हा लावता येतो. माणूस तेवढा फुटू देऊ नये.