सनई आणि तिचा सूर

फार जुनी गोष्ट. एका गुरवाच्या घरी एकाच खुंटीवर दोघं टांगलेली असत: सगळे स्वर गाणारी सनई आणि तिला एकच स्वर धरून साथ देणारी नळी, सूर.

"जन्मभर एकच स्वर! कंटाळत नाहीस?" सनई चिडवायची.

"दुसरा येतच नाही गं. माझा उपयोग काय, देव जाणे!"

एका लग्नात सनई हट्टाने एकटीच गेली. वाजली झकास, पण गुरव श्वास घ्यायला थांबला की मांडव सुनासुना व्हायचा. सनईचा आवाज कापू लागला. शेवटी गुरवीणच सूर घेऊन धावत आली आणि फुंकू लागली.

"आलास? थांबले की वाटतं, माझं कुणीच नाही."

"मग थांब बिनधास्त. मी धरतो."

सनई निवांत थांबली. त्या एकट्या स्वरावर सगळा मांडव डोलत होता, आणि सूर लाजून लाल झाला होता.