निरगुडकर डॉक्टरांचा वसा

एका गावात निरगुडकर नावाचे एक डॉक्टर होते. हाताला गुण होता. चाळीस वर्षांत त्यांनी गावाचे ताप उतरवले, मोडलेली हाडं बसवली, अडलेल्या बायका सोडवल्या. रस्त्यानं जाताना लोक हात जोडायचे. डॉक्टरांना ते आवडायचं. आवडणारच, माणूसच तो.

त्या गावच्या तांबटआळीत भिकाजी तांबट राहायचा. त्याच्या पोटात गाठ झाली. शहरातल्या दवाखान्यात एकदा कापून काढली, पण ती पुन्हा वाढली. आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं. निरगुडकरांनी तो कागद वाचला, घडी करून भिकाजीच्या बायकोच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "देवावर भरवसा ठेवा, अनसूयाबाई."

त्या दिवसापासून ते तांबटआळीत फिरकले नाहीत. नदीकाठच्या लांबच्या वाटेनं दवाखान्यात जाऊ लागले. घरी विचारलं, तर म्हणाले, "सकाळची हवा चांगली असते." खरं कारण निराळं होतं. जिथं देण्यासारखं काही नाही, तिथं रिकाम्या हातानं जायची त्यांना लाज वाटत होती.

त्यांच्या दवाखान्यातल्या एस्तेर सिस्टर मात्र भिकाजीकडे रोज जायच्या. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून त्याची कूस बदलायच्या, कोरडं पडलेलं तोंड पुसायच्या. आठव्या दिवशी त्या डॉक्टरांच्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, भिकाजीभाऊंचं दुखणं साध्या गोळीनं थांबत नाही. जोरकस औषध तुम्हालाच लिहून द्यावं लागेल. आणि त्यांचा मुलगा केशव परवा गाडी करून त्यांना पुन्हा शहरात नेतोय. त्यांना तर घर सोडायचं नाही."

"मी येऊन काय करू, सिस्टर? बरा तर तो होणार नाही."

"ते त्यांनाही ठाऊक आहे. पण तुम्ही येत नाही, म्हणून आपलंच काही चुकलं असं त्यांना वाटतंय."

डॉक्टर खुर्चीतून उठले.

तो सोमवार होता. नवऱ्यासाठी अनसूयाबाईंनी सोळा सोमवार धरले होते. अकराव्या सोमवारची पूजा नुकतीच आटोपली होती. डॉक्टर भिकाजीच्या दारात थबकले. ते म्हणाले, "अजून व्रत चाललंय तुमचं?"

"चाललंय तर. ते वाचायचे नाहीत, हे कळतं हो मला. पण फळ दिसेना म्हणून व्रत मधेच टाकायचं नसतं, डॉक्टर. उद्यापन करायचं, मगच उठायचं."

त्या सहज बोलल्या, टोमणा म्हणून नव्हे. पण ते डॉक्टरांच्या काळजाला लागलं.

भिकाजी पोटाशी गुडघे घेऊन पडला होता. घामानं उशी भिजली होती. डॉक्टरांना पाहून तो कसाबसा हसला. "या डॉक्टर. वाट चुकलात वाटतं?"

"चुकलोच होतो रे."

"मग आता खरं सांगा. किती दिवस?"

"बाबा, काहीतरीच काय!" केशव मधे पडला. "तुम्ही ठणठणीत होणार."

"तू गप. डॉक्टर, उभ्या जन्मात मी फुटक्या भांड्याला वरून कल्हई करून विकलं नाही. तुम्हीही विकू नका."

डॉक्टर खाटेच्या काठावर बसले. "महिना निघेलसं वाटत नाही, भिकाजी. गाठ माझ्या हातातली राहिली नाही. पण दुखणं आहे. ते मी थांबवीन, आणि मी येत राहीन."

भिकाजीनं धरून ठेवलेला श्वास सोडला.

डॉक्टर औषध लिहून देऊन निघाले, तसा केशव त्यांच्यामागून अंगणात आला. "डॉक्टर, लोक म्हणतील, पोरानं बापाला दवाखान्यात नेलं नाही."

"लोकांना माझ्याकडे पाठव."

केशवनं गाडी रद्द केली आणि जिल्ह्याच्या गावाहून औषध आणलं. पण भिकाजी कण्हू लागल्याशिवाय अनसूयाबाई ते देईनात. त्यांना भीती, सवय लागेल. सिस्टरनी कपाळावर हात मारला. "बाई, मी चर्चला जाणारी. तुमच्या समईचं मीच तुम्हाला सांगू का? तेल कधी घालता, विझल्यावर?"

"छे! विझायच्या आधीच."

"मग हेही तसंच. कण्हण्याची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. आणि सवयीची चिंता माझ्यावर आणि डॉक्टरांवर सोडा."

तीन दिवसांत भिकाजी उशीला टेकून बसू लागला. चार घास पेज जाऊ लागली. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय हवं तुला?"

हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता.

"आळी गप्प का, डॉक्टर? कोणी मेलंय का?"

आजाऱ्याला त्रास नको म्हणून शेजारच्यांनी हातोडे बंद ठेवले होते. सगळ्यांनी पुण्यच समजून केलं होतं.

"साठ वर्षं ठोक्यांत झोपलोय मी," भिकाजी म्हणाला. "ही शांतता खायला उठते."

डॉक्टर स्वतः दुकानादुकानांत सांगून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आळी दणाणली. भिकाजी डोळे मिटून ऐकायचा आणि केशवला म्हणायचा, "हा शेजारच्या सोमाचा हात. घाई करतोय, काठ फाटेल बघ." बापलेक असे कधी बोलत बसले नव्हते.

डॉक्टर रोज येत. कधी औषध वाढवत, कधी नुसतेच बसत. आपण रिकाम्या हातानं आलो, असं त्यांना आता वाटत नसे.

बाविसाव्या दिवशी दुपारी भिकाजीचा श्वास संथ होत गेला. केशव घाबरून उठला. सिस्टरनी त्याला हाताला धरून बापापाशी बसवलं. अनसूयाबाईंनी ओठांवर तुळशीचं पाणी सोडलं. डॉक्टरांनी मनगट हातात घेतलं आणि नाडी थांबेपर्यंत सोडलं नाही.

मग अनसूयाबाईंनी नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला. तिथं एकही आठी नव्हती. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "दुखलं नाही हो त्यांना."

तात्पर्य: आजार हटत नाही म्हणून आजाऱ्याला सोडू नये, त्याचं दुखणं हलकं करून अखेरपर्यंत त्याच्यापाशी जात राहणं, हीही वैद्याची आणि परिचारिकेची पुरी सेवाच आहे.