नऊ खिडक्यांची भिंत

“...पण मधली तिलाच का, चाचा?”

गणीचाचा चष्मा पुसत राहिले. उभी हयात तंबू सिनेमात पडद्यावर उजेड टाकण्यात गेलेला माणूस. घाई त्यांच्या अंगातच नव्हती.

समोरच्या लांबलचक भिंतीवर चार प्रोजेक्टर मिळून एकच चित्र फेकत होते. त्यात नऊ खिडक्या आणि प्रत्येकीत नदीचा वेगळा व्हिडिओ. उद्या संग्रहालयाचं हे दालन उघडणार होतं. कुठली खिडकी कुठं, हे चाचांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं.

शर्विल त्यांच्या हाताखाली चार वर्षं होता. पुराच्या कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यानं बुडत्या पुलाचा व्हिडिओ काढला होता. त्याला मिळाली डावीकडची खिडकी. झुलेखाला येऊन आठ महिनेही झाले नव्हते. तिच्या व्हिडिओत काय, तर एक म्हातारी घाटावर पातेलं घासतेय. बस्स. आणि ती भिंतीच्या मधोमध.

हे सगळं त्यानं एका दमात बोलून टाकलं.

चाचांनी चष्मा लावला आणि भिंतीकडे बोट केलं.

शेजारच्या दोन प्रोजेक्टरांचा उजेड जिथं एकावर एक पडतो, तिथं दोघांच्याही कडा मंद कराव्या लागतात. नाहीतर पांढरा पट्टा उमटतो. हे काम शर्विलचं होतं. बाकीचे जोड त्यानं असे मिटवले होते की शोधून सापडू नयेत. मधल्या जोडावर मात्र पट्टा होता, नेमका म्हातारीच्या तोंडावरून गेलेला.

“राहून गेलं,” शर्विल म्हणाला.

“चार वर्षांत पहिल्यांदाच...”

शर्विलनं खाली मान घालून कबूल केलं. झुलेखा जेवायला गेली तेव्हा मुद्दाम केलं होतं.

चाचा रागावले नाहीत. त्यांनी माउस त्याच्यापुढे सरकवला.

“अर्धवट कशाला? बंदच कर तिची.”

चेष्टा असेल म्हणून शर्विलनं त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती.

त्यानं बंद केली.

भिंतीच्या मधोमध काळा चौकोन उरला. आजूबाजूच्या आठ खिडक्यांतून नदी वाहत होती. शर्विल त्या चौकोनाकडे बघत राहिला. ती आली की काय म्हणेल? भांडेल? की नुसतं हसेल...? हसली तर?

“तुझ्या खिडकीत आत्ता काय चाललंय?”

तो मान वळवणार, तोच चाचांनी आपला पंजा त्याच्या डोळ्यांवर धरला.

“न बघता सांग.”

पूल बुडाला होता, की बुडायचा होता? स्वतः काढलेला व्हिडिओ, शंभरदा पाहिलेला. पण आत्ता...

“नाही सांगता येत, चाचा.”

चाचांनी हात काढला.

“मग बंद कोणती केलीस?”